अंगठ्याशिवाय मार्क नाही

संजना पगारेला खोटं खपायचं नाही. शाळेत हजेरीच्या वेळी न आलेल्या मैत्रिणीच्या नावाला कुणी हळूच 'हजर' म्हटलं, की ही बया उभी राहून बाईंना सांगायची, ती आलेलीच नाही. मग कशाला राहतायत मैत्रिणी. वडील मंगळू पगारे सातपूरच्या कारखान्यात फिटर, नाशिकमधल्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर. ते म्हणायचे, या पोरीला एकतर वकील करा नाहीतर हवालदार. झाली मात्र तिसरंच काहीतरी.

बारावीनंतर मुंबईला जाऊन तिने डेंटल हायजीनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स केला. हायजीनिस्ट म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. दातांवरचं किटण काढायचं, घासायचं कसं ते शिकवायचं, आणि तोंडात काही वावगं दिसलं तर माणसाला वेळेत डॉक्टरकडे धाडायचं, हे त्यांचं काम. कॉलनीत लोकांची हसून पुरेवाट झाली. दात घासायला शिकायला दोन वर्षं लागली का गं, असं जो तो विचारायचा. संजना शांतपणे सांगायची, तुम्हाला चाळीस वर्षांत आलं नाही, मला दोन वर्षांत आलं. बाप पेपरामागे तोंड लपवून हसायचा.

१९९६ साली शहराबाहेर एक नवं दातांचं कॉलेज निघालं. नाव कशाला घ्यायचं, तशी तेव्हा गावोगावी निघत होती. इमारत चकाचक, खुर्च्या परदेशी आणि पेशंट औषधालाही नाही. तिथे हायजीनिस्टच्या मुलांना शिकवायला संजना लागली. वीस-वीस मुलांची बॅच. मुलांनी खेड्यात जायचं, लोकांची तोंडं तपासायची, त्यांना घासायला शिकवायचं आणि ते करता करता स्वतः शिकायचं, असं अभ्यासक्रमात होतं. प्राचार्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं, 'सेवेतून शिक्षण'. त्यांना ते रंगवायला आवडायचं आणि संजनाला ते खरोखर करायला आवडायचं, एवढाच काय तो फरक.

तिला ते आवडायचं त्याला कारण होतं. तिची सख्खी मावशी तोंडाच्या कॅन्सरने गेली होती. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची आणि उठल्याबरोबर ती मिशरी बोटाने दातांना चोळायची, ही आमच्याकडच्या बायकांची जन्माची खोड. मावशीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा वर्षभर होता म्हणे, पण बघितलं कुणी? संजना म्हणायची, असं एक जरी तोंड मला वेळेवर सापडलं तरी माझ्या नोकरीचं सार्थक झालं. मनापासून म्हणायची, त्यात काही खोट नव्हती.

तर या शिबिरांत प्रत्येक मुलाने दहा माणसं तपासून त्यांची नोंद जर्नलमध्ये करायची, त्याला मार्क. १९९८ साली जर्नलं तपासताना तिला एक नोंद दिसली. सहादू, वय पासष्ट, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. आता शिबिराच्या गावातल्या या सहादूला ती चांगली ओळखत होती. त्याच्या तोंडात मोजून दोन दात, तेही एकमेकांवर रुसलेले. चौकशी केली तर निम्म्या पोरांनी शिबिराच्या दिवशी कँटीनमध्ये मिसळ हाणत माणसं रचली होती. संजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं, 'अंगठ्याशिवाय मार्क नाही.'

मग तिने स्वतः कार्ड तयार केलं. जाड कागदाचं, मधोमध टोचलेली रेघ, ओढलं की फाटणारं. वरचा भाग विद्यार्थ्याचा, त्यात तपासणीची माहिती, तो जर्नलमध्ये चिकटवायचा. खालचा भाग पेशंटचा. त्यावर छापलेलं, 'ही चिठ्ठी घेऊन कॉलेजच्या दवाखान्यात यावे.' माणूस खरा आहे हे कळावं म्हणून वरच्या भागावर त्याचा अंगठा घ्यायचा. पण छापखानेवाल्याने जागा पुरेना म्हणून अंगठ्याचा चौकोन खालच्या भागावर, अगदी तळाशी छापला. संजना कार्डं परत करायला निघाली तर प्राचार्य म्हणाले, दोन हजार छापून झालीत मॅडम, आता काय गोदावरीत सोडायची? तिने मुलांना सांगितलं, चौकोन विसरा, अंगठा वरती समासात घ्या. त्या बॅचने घेतला.

पुढच्या बॅचला कार्ड कसं भरायचं ते मागच्या बॅचने शिकवलं. बाईंना अंगठा लागतो एवढं त्यांच्या लक्षात राहिलं. चौकोन तर खाली होता. अंगठा खालच्या भागावर आणि तो भाग फाडून पेशंटला दिला तर मार्क जाणार. मग पोरं सबंध कार्डच जर्नलमध्ये चिकटवायला लागली, खालचा भाग आत दुमडून. आणि संजना? ती सही करताना ती घडी उलगडायची, अंगठा आहे ना ते बघायची आणि पान उलटायची. चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर होती, शेकडो वेळा होती, पण तिचे डोळे खोटेपणा हुडकत होते. त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

हे असं चार वर्षं चाललं. आता नवसाबाईचं सांगायचं.

२००१ च्या दिवाळीनंतर गिरणारेच्या बाजूला एका वाडीत शिबिर होतं. वाडीतली सगळी घरं फुलांवर जगणारी. झेंडू, शेवंती, गुलाब काढायचा आणि भल्या पहाटे नाशिकच्या फुलबाजारात न्यायचा. शाळेच्या पडवीत खुर्च्या मांडल्या, पण बाया पदर तोंडाला लावून लांब उभ्या. त्यांची पुढारी नवसाबाई, पन्नाशीची, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "दात बघाया आम्हाला काय बैलबाजारात उभं केलंय?" सगळ्या बाया हसल्या आणि वळल्या.

संजनाने भाषण ठोकलं नाही. ती नवसाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली, सुई-दोरा घेतला आणि झेंडू ओवत मावशीची गोष्ट सांगितली. चट्ट्याचं सांगितलं तेव्हा नवसाबाईचा हात थांबला. माळ बाजूला ठेवून ती म्हणाली, "चल. पण हसायचं नाय हां."

तिला तपासायला दिशा नावाची मुलगी होती, गंगापूर रोडवरच्या दुकानदाराची. खेड्यात यायला बिचकणारी, पण अभ्यासात पक्की. सकाळीच नवसाबाईने तिला ठेचा-भाकरी खाऊ घातली होती आणि कशी वाळलीय पोर म्हणून गालाला हात लावला होता. दिशाने आरसा घातला आणि संजनाकडे बघितलं. संजना वाकली. डाव्या गालाच्या आत, रुपयाएवढा पांढरा चट्टा, मध्ये लालसर. तिला तिची मावशी आठवली आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मनातून ती सुखावलीही. सापडलं होतं. वेळेवर सापडलं होतं.

"मावशी, तिखट झोंबतं का?"

"लय झोंबतं. दोन महिने झालं."

"मिशरी आजपासून बंद. ही पोरगी तुम्हाला चिठ्ठी देईल. ती घेऊन आठ दिवसांत कॉलेजात या. बारीकसा तुकडा काढून तपासू. आत्ता आलात तर काही होणार नाही, मी जबाबदार."

"चिठ्ठी असल्यावर येईन की. बिगरचिठ्ठीचं आम्हाला कुठं उभं करत नाय कुणी."

तेवढ्यात तिकडे ब्रश वाटताना पोरांची मारामारी जुंपली आणि संजना तिकडे धावली. इकडे दिशाने नवसाबाईचा अंगठा घेतला. नवसाबाईने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. दिशा म्हणाली, मावशी, यावर मॅडमची सही व्हायची आहे, झाली की पाठवते. पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. पण सही वर्षाअखेरीला, एप्रिलमध्ये होते, आणि तोवर तिला नवसाबाईही आठवत नव्हती. परीक्षा झाली, पास झाली, पुण्याला नोकरीला निघून गेली.

संजना आठ दिवस वाट बघत राहिली, मग महिनाभर. नवसाबाई आली नाही. संजना चिडली. इतकं जीव तोडून सांगितलं, तरी नाही म्हणजे काय? वर्षाच्या अहवालात तिने लिहिलं, 'चिठ्ठी देऊनही ग्रामीण रुग्ण येत नाहीत.' आधीच्या दोन वर्षांतही तिने हेच वाक्य लिहिलं होतं. पुन्हा त्या वाडीला जावं असं तिला दोनदा वाटलं, पण कॉलेजला कागदावर दरवर्षी नवी गावं हवी असायची, आणि गाडी नव्या गावांना जायची.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी वॉचमनने झेंडूने भरलेली पिशवी आणून दिली. कुणी नवसाबाई म्हणून होती, देऊन गेली म्हणाला. संजनाच्या कपाळाला आठी पडली. फुलं द्यायला बरी येते, तपासायला येत नाही. तरी फुलं ताजी होती, तिने घरी नेली. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला तीच फुलं वाहिली.

२००३ च्या मे महिन्यात कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार होती. प्राचार्यांनी दाखवायला चांगली जर्नलं काढायला सांगितली. संजनाने दिशाचं काढलं, सगळ्यात टापटीप तेच होतं. पानं चाळता चाळता 'नवसाबाई' नाव दिसलं. वर लाल शाईने खूण, म्हणजे तोंडात वावगं दिसलेला, डॉक्टरकडे धाडायचा पेशंट. सवयीने तिने खालची घडी उलगडली. अंगठा होता, स्वच्छ, एकेक रेघ मोजावी असा. आणि अंगठ्याच्या वर, तिनेच लिहिलेलं, तिनेच छापून आणलेलं, 'ही चिठ्ठी घेऊन कॉलेजच्या दवाखान्यात यावे.'

तिने दुसरं जर्नल उघडलं, तिसरं उघडलं. मग कपाटातली सगळी खाली काढली आणि फरशीवर बसून उलगडत राहिली. सगळ्या चिठ्ठ्या तिथेच होत्या. लाल खुणेच्या एक्केचाळीस. एकूण एक तिच्या सहीनिशी. शिपाई मंडळी जेवायला बोलवायला आली तर बाई भिंतीला टेकून बसलेल्या.

नवसाबाईची चिठ्ठी तिने रेघेवर फाडली, पर्समध्ये घातली आणि मिळेल त्या वाहनाने वाडी गाठली.

नवसाबाई पडवीत बाजेवर होती. डावा गाल सुजून डोळ्याला टेकलेला, तोंडावर ओलं फडकं, मानेला गाठ. एका हाताने माशा हाकत होती. संजना दिसताच तिने फडकं काढलं. तोंड एका बोटाएवढंही उघडत नव्हतं. त्या फटीतून तिने पहिलं काय विचारावं?

"आली का चिठ्ठी?"

संजना पगारे, जिला जन्मात खोटं खपलं नाही, ती म्हणाली, "आली मावशी. टपालात अडकली होती." आणि पर्समधून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. फाडलेल्या कडेला वाळलेला डिंक होता. नवसाबाईने ती कपाळाला लावली.

सून भाग्यश्रीने पाणी दिलं आणि सांगितलं ते असं. आई रोज विचारायच्या, पोस्टमन येऊन गेला का. मागच्या दसऱ्याला त्यांना राहवलं नाही म्हणून मॅडमसाठी फुलं घेऊन स्वतः कॉलेजात गेल्या. वॉचमनने विचारलं, चिठ्ठी आहे का? नाही म्हटल्यावर फुलं ठेवून घेतली आणि बाईला परत धाडलं. मग गावठी औषध लावलं, लेप लावला. दुसरीकडे दाखवू म्हटलं तर त्या ऐकेनात. बाईने सांगितलंय चिठ्ठी येईल, बाई खोटं बोलायची नाही, हेच त्यांचं पालुपद.  

दुसऱ्या दिवशी तिने नवसाबाईला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून संजनाला बाजूला घेतलं. हाड गेलंय, कॅन्सर मानेत उतरलाय, आता दुखणं कमी करायचं एवढंच, पाच-सहा महिने काढेल म्हणाले. आणि वर हेही म्हणाले की दीड वर्षापूर्वी आणली असती तर एवढ्याशा कामात सुटली असती. संजनाने मान हलवली. हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती, वर्गात हेच तर ती शिकवत आली होती.

प्राचार्यांपुढे तिने सगळं मांडलं. ते म्हणाले, "मॅडम, आपण शिकवत होतो. उपचाराची हमी कधी दिली होती? मुलं शिकली ना? मग झालं. तेवढी ती पानं कमिटी यायच्या आत काढून टाका." तिने पानं काढली, पण चिठ्ठ्या घरी नेल्या. रविवार आला की एसटीने एकेक गाव धरायचं आणि चिठ्ठी पोचती करायची. तिघं आधीच गेलेले. काही गाव सोडून गेलेले. बऱ्याच जणांचं साधंसुधं निघालं. दोघांचं मात्र वेळेत सापडलं, दोघं वाचले, हेही खरं. एके काळी अशा एकासाठी ती नाचली असती. आता तिला ते कुणी सांगितलं तरी ती विषय बदलायची.

आणि दर रविवारी संध्याकाळी ती वाडीला जायची. नवसाबाईचं तोंड धुवायची, चमच्याने पेज घालायची, मलमपट्टी करायची. वास असा की घरची माणसंही नाकाला पदर लावत, ही लावत नसे. वाडीत तिचा बोलबाला झाला. देवमाणूस आहे हो, अशी मास्तरीण बघितली नाही. नवसाबाईचा मुलगा तिच्या पाया पडायला वाकायचा आणि ती अंग चोरून मागे सरायची. कुठे तोंड लपवावं असं तिला व्हायचं. रात्रंदिवस एकच विचार, या बाईला खरं सांगायचं की नाही. सांगितलं तर मरत्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं. नाही सांगितलं तर ती संजनाला खरं बोलणारी समजूनच जाणार.

गौरी-गणपतीच्या दिवसांत नवसाबाईचं खाणं थांबलं. त्या रविवारी तिने संजनाचा हात धरला आणि अडखळत म्हणाली, "तू सांगितलं व्हतं, मिशरी सोड. म्या सोडली नाय. माझंच चुकलं, बाई."

तिथे संजनाचा बांध फुटला. तिने भाग्यश्रीला बाहेर पाठवलं नाही, दारही लोटलं नाही. टपालाचं खोटं होतं म्हणाली. कार्ड कसं होतं, अंगठा कुठे होता, पोरं ते का चिकटवून ठेवायची, मार्कांचा नियम कुणी केला, चार वर्षं सह्या कुणी केल्या, सगळं सांगितलं. चिठ्ठी वर्षभर माझ्या कपाटात होती मावशी, मी त्याच खोलीत रोज बसत होते. बोलताना ती रडत होती आणि थांबत नव्हती. भाग्यश्रीच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती सासूकडे बघत होती.

 नवसाबाईने बोटाने खूण केली. बोलणं आता इतकं जड झालं होतं की कान तोंडाशी न्यावा लागे. संजना वाकली.

"त्या पोरीला मार्क पडलं का?"

"पडले."

"किती?"

"दहापैकी नऊ. मीच दिले."

नवसाबाईने डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं. संजनाने फडकं ओलं करायला हात लांबवला, तेवढ्यात तिचे ओठ पुन्हा हलले.

"मंग येक कशापायी काटला?"

संजनाला काहीही सांगता आलं असतं. भाग्यश्री ऐकत होती, बाहेर पडवीत मुलगा उभा होता. तिने फडकं खाली ठेवलं.

"चिठ्ठी वाकडी चिकटवली होती," ती म्हणाली, "म्हणून."